मिस्त्रीचा गेरू

गंगाराम मिस्त्री कुठल्याही घरात शिरले की माणसांशी बोलायच्या आधी खांबाशी जायचे. बोटाचं पेर तीनदा वाजवायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मग ‘रामराम’ म्हणायचे. पहिल्या भेटीत मला तो उद्धटपणा वाटला, कारण मी शेजारीच हात जोडून उभा होतो.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या बाजारगावात एका कापड व्यापाऱ्याचं जुनं दुमजली घर आहे. लोक त्याला ‘कापडवाल्यांची माडी’ म्हणतात. खाली बारा सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर माडी. भिंती नुसत्या आडोशाला, सगळा भार लाकडावर. घराण्याने ते लोकांना पाहायला खुलं करायचं ठरवलं आणि दुरुस्तीच्या देखरेखीला मला नेमलं. माझे आईवडील ऊसतोडीला जात. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि ही माझी पहिली नोकरी.

“इंजिनेर साहेब, टेप ठिवा खिशात,” मिस्त्री म्हणाले. “आधी बघा, मग मोजा. आधी मोजलं की मानसाला आकडाच दिसतो, घर दिसत न्हाई.” मी टेप ठेवला. जोड कसा बसतो, वाळवी कुठून चढते, हे मी त्यांच्या मागे फिरून शिकलो. कॉलेजात ते कुणी सांगितलं नव्हतं.

दोन खांब बुडाशी कुजले होते. नवे खांब वखारीतून रंधून, चौकोनी होऊन आले. दोन्ही टोकं सारखीच दिसत. मिस्त्रींनी दोर मागवला आणि खांब बरोबर मध्यावर टांगला.

“झोका बांधताय का मिस्त्री नातवाला?” मजुरांच्या मुकादमाने विचारलं.

“तू बस की. तुजा बी बुंधा कुटला ते कळंल.”

खांबाचं एक टोक हळूच झुकलं. तो बुंधा, कारण बुंधा जड. मिस्त्री मला म्हणाले, “झाड जसं उभं हुतं तसाच खांब उभा ऱ्हायला पायजे. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब म्हंजी मानूस डोक्यावर उभा केला.” झुकलेल्या टोकाशी त्यांनी गेरूच्या दोन रेघा ओढल्या, टोकाकडे जाऊन मिळणाऱ्या. दुसऱ्या खांबालाही तसंच केलं.

एक खांब त्यांनी स्वतः उभा केला. दुसरा, ओळीतला आठवा, राहिला, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना नगरला जावं लागलं. दोन दिवसांनी मुकादमाची माणसं विचारायला आली, कुठली बाजू वर? मी गेरू पाहिला. खोक्यावर ‘ही बाजू वर’ म्हणून बाण छापलेला असतो, तसाच मला तो दिसला. मी म्हणालो, रेघा वर करा.

मिस्त्री काळा चष्मा लावून परत आले. आठव्या खांबावर पेर वाजवलं, मग तळहात वरून खाली फिरवला. फांदी वरच्या दिशेला निघते, तशी लाकडातली गाठही वर झुकलेली असते. इथे ती जमिनीकडे झुकली होती.

“ह्यो कुनी बसवला?”

“तुमच्याच गेरूनं,” मुकादम म्हणाला. मी तिथेच होतो. बोललो नाही.

खांब काढायचा तर सगळी माडी टेकूवर घ्यावी लागली असती. भार नीट पेलत होता, म्हणून घराण्याने तो तसाच ठेवला. पण बातमी थांबली नाही. आजूबाजूचे सुतार मुद्दाम येऊन खांब पाहून गेले. “नजर गेली गंगारामची,” एक जण माझ्यादेखत म्हणाला. शेजारच्या गावच्या महादेवाच्या सभामंडपाचं काम मिस्त्रींना मिळालं होतं. गावाने ते काढून घेतलं.

आठ दिवस मी गप्प राहिलो. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नव्हतं. नवव्या दिवशी मिस्त्री पटाशीला धार लावत होते, तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“पैल्या दिवशीच कळलं मला.”

“मग मिस्त्री, तुम्ही बोलला का नाहीत?”

“चूक तुमची. मी कशाला बोलू?”

त्याच दुपारी त्यांना गाडीवर मागे बसवून मी त्या गावाला गेलो आणि देवळाच्या चौघा पंचांसमोर चूक कबूल केली. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. काम मात्र आदल्या दिवशीच दुसऱ्या मिस्त्रीला देऊन झालं होतं. “त्याला आमचा शब्द गेलाय आता,” त्यातले एक आजोबा म्हणाले.

घराण्याला मी लेखी कळवलं. नोकरी टिकली. आठव्या खांबाशेजारी लावायच्या फलकाचा मजकूर माझ्याकडेच आला. मी लिहिलं, ‘हा खांब देखरेख करणाऱ्याच्या चुकीमुळे उलटा बसला आहे. मिस्त्रींची खूण बरोबर होती.’ मिस्त्रींना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवलं.

त्यांनी दोनदा वाचायला लावलं. “माजा गेरू बरोबर हुता, ते पैलं घ्या,” ते म्हणाले. “तुमची चूक खाली लिवा. आन् खून न्हाई, गेरूच लिवा.”

तसं केलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

माडी दाखवायचं काम आता माझ्याकडे आहे. लोक फलकाची पहिली ओळ वाचतात, गेरू म्हणजे काय ते विचारतात आणि जिन्याकडे वळतात. दुसरी ओळ फारसं कुणी वाचत नाही. ती मी तोंडाने सांगतो.