दुसरं स्टूल

आमच्या डॉक्टरीणबाई आधी रोग्याकडे पाहायच्याच नाहीत. त्याच्या पाठीमागे, दाराकडे पाहायच्या.

"एकटीच आली का वं?"

आलेली बिचारी मान खाली घाली. मग टेबलासमोरच्या दोन स्टुलांपैकी जे रिकामं असेल त्यावर बाई हाताने थाप मारत आणि म्हणत, "मंग हे कोनासाठी ठेवलं मी?"

आमच्या बुलडाण्याच्या जनाना दवाखान्यात त्या काळी तुमच्यापैकी कोणाच्या आईला, मावशीला न्यावं लागलं असेल, तर ही थाप तुम्ही ऐकली असेल. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. औषधं नागपूरहून यायची, हुकूम नागपूरहून यायचे आणि आमच्याकडून रक्त नागपूरला जायचं. मी तिथे नर्स होते. बाई डॉक्टर होत्या, मूळच्या लोणारच्या. शिकून आल्या तरी बोलणं लोणारचंच ठेवलं होतं. मी जरा शुद्ध बोलायला गेले की म्हणायच्या, "तू काय पुन्याहून आली का वं?"

बायका यायच्या त्या लेकरं जातात म्हणून. दिवस भरायच्या आत जायची, नाहीतर जन्मलेलं लेकरू म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं असायचं आणि महिनाभरात डोळे मिटायचं. घरचे म्हणायचे, हिची कूसच वाईट. कोणी बाहेरचं आहे म्हणायचे. बाई काही म्हणायच्या नाहीत, हातातून रक्त काढायच्या. गर्मी, म्हणजे उपदंश, हा शब्द त्यांनी रोग्यापुढे कधी उच्चारला नाही. "रक्त बिघडलं असंन, पाहून घेऊ," एवढंच.

काढलेलं रक्त थिजलं की वरचं पिवळं पाणी काचेच्या नळीत भरून मेणाने बंद करायचं, जिनिंगमधून आणलेल्या, सरकी काढलेल्या कापसात गुंडाळायचं आणि लाकडी डबीत घालून मलकापूरच्या मोटारीवर द्यायचं. तिथून रेल्वेने नागपूर. मोटार चालवायचे रहीमभाई. बाई स्वतः फाटकापर्यंत जायच्या. "रहीमभाई, घाटात सावकाश हं. फुटलं तं एवढ्या लांबून आलेल्या बाईले पुन्हा टोचा लागते." रहीमभाई डबी मांडीवर घेऊन बसायचे. तिच्यात काय आहे ते त्यांनी कधी विचारलं नाही. उतारूंनी विचारलं की सांगायचे, "डाक्टरीन बाई की अमानत है."

पण बायकोचं रक्त तपासून भागत नव्हतं. तिला सुया टोचून बरी करून घरी पाठवायची आणि घरून तिने तेच दुखणं पुन्हा घेऊन यायचं, असा तो प्रकार. म्हणून ते दुसरं स्टूल. आणि पुरुषमाणसं, काय सांगू तुम्हाला, घाट चढून यायची, फाटकाबाहेर लिंबाखाली विड्या ओढत बसायची, पण आत यायची नाहीत. एक मास्तर आले ते दारातच अडले. म्हणाले, "मी शिकलेला माणूस आहे."

"असान," बाई म्हणाल्या. "पन रक्त काही शाळेत गेलं नाही ना? बसा."

मास्तर बसले.

रोहिणखेडची सुभद्रा आली ती मला आजही जशीच्या तशी दिसते. मोठ्या घरची सून. लुगडं चांगलं, हातात सोन्याच्या पाटल्या, आणि चेहरा असा की कोणी उन्हात वाळत घालून विसरला असावा. तीन लेकरं गेली होती. सासूने साखरखेर्ड्याची एक पोरगी बघून ठेवली होती. दिवाळी झाली की नवरा दुसरं लग्न करणार आणि हिला माहेरी पाठवणार. माहेरी होता एक भाऊ, आणि त्याची बायको हिला दारात उभी करायची नाही. बाईंनी तिचं रक्त घेतलं. नागपूरहून उत्तर आलं, बिघडलेलं. बाईंनी निरोप धाडला की पुढच्या खेपेला मालकांना घेऊन ये.

पुढच्या खेपेला सुभद्रा आली, आणि तिच्या मागे एक माणूस आला. उंच, काळाभोर, नवं कोरं धोतर, डोक्याला कडक पटका. बाई खूश झाल्या. असा विनातक्रार आलेला नवरा आमच्या दवाखान्याने पाहिला नव्हता.

"बसा," बाईंनी स्टुलावर थाप मारली.

तो खाली फरशीवर बसला.

"अहो खाली काऊन? हे तुमचंच हाय."

"नाही जी. बरा हाव."

"रक्त घ्याचं हाय. वर बसा."

त्याने सुभद्रेकडे पाहिलं. सुभद्रा पदराआड. मग तो उठला, स्टुलाला हात लावला आणि पुन्हा खाली बसला. मला वाटलं, भ्याला. मी त्याला उठवायला गेले, तर तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मालकीणबाईच्या बरोबरीनं मी कसा बसू जी?"

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "तू कोन हाय रे?"

"गणू. सालदार."

आता तुम्हीच सांगा. पेरणी सालदार करतो, वखरणी सालदार करतो, बाजार सालदार करतो, तसं हेही काम मालकांनी त्याला सांगितलं होतं. स्वतःचं जुनं नव्हे, नवं धोतर देऊन पाठवलं होतं. गणू बिचारा रक्त द्यायला तयार होता, नवरा म्हणवून घ्यायलाही कसाबसा तयार झाला असता. पण मालकिणीच्या शेजारी त्याच उंचीवर बसणं त्याच्याने होईना. सुभद्रेलाही घरून ताकीद होती, तोंड उघडायचं नाही.

बाई एवढ्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. हसता हसता थांबल्या. गणूला चहा दिला आणि म्हणाल्या, "मालकाले सांगजो, वावर तू वाहतं, बैल तू चारतं, ठीक हाय. पन लेकराचा बाप त्याचा त्यालेच व्हा लागते."

"हे मी कसं सांगू जी?"

"खरं हाय," बाई म्हणाल्या. "तू नको सांगू. मीच येतो."

बाई रागावल्या की बाप्यासारखं बोलायच्या, येतो, जातो. त्या रविवारी आम्ही दमणी जुंपून रोहिणखेडला निघालो. बाई, मी आणि दमणीत मागे दोरीने बांधलेलं ते स्टूल. रस्त्याने लोक बघत होते. मला लाज वाटत होती. बाईंना कसली लाज? त्या स्टुलावरच पाय ठेवून बसल्या होत्या.

घरी मोठी ओसरी, सासू, दीर, चार शेजारी. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, सासूलासुद्धा. "माणसाची प्रकृती पाहाची हाय," एवढंच सांगितलं. आत राहिलो चौघं. सुभद्रेचे मालक भिंतीला टेकून उभे. मिशा मोठ्या, पण आवाज मोठा नव्हता.

"मले काय झालं? मी बैल उचलतो."

"उचला ना. कोन नाही म्हनते?"

"मी दुसरी आनून राह्यलो. मंग हिचं रक्त पाहून काय करता?"

बाईंनी सुभद्रेकडे पाहिलं नाही. त्याच्याकडेच पाहत, अगदी हळू बोलल्या. "आना दुसरी. तिचे लेकरं असेच जातीन. मंग तिलेबी धाडसान माहेरी, तिसरी आनसान. गावातल्या पोरी सरतीन, भाऊ, पन तुमच्या आंगनात लेकरू रांगनार नाही. मी खोटी असंन तं रक्तातून समजन. मंग तुमच्या लग्नाले मी स्वतः येतो."

 बाहेर सासू कोणाला तरी काहीबाही सांगत होती. मग त्या माणसाने बंडीची बाही वर सारली आणि स्टुलावर बसला. मी दंड बांधला. सुई पाहून त्याने डोळे मिटले आणि मला बारीक आवाजात विचारलं, "लय दुखते का हो?" बैल उचलणारा माणूस. मला हसू आलं आणि त्याची दयाही आली.

त्याचं उत्तर तसंच आलं, सुभद्रेसारखं. या खेपेला तो आपणहून आला, सुभद्रेसोबत, आणि न सांगता स्टुलावर बसला. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. त्याने स्टुलाची कड धरली. मग म्हणाला, "म्हंजे ते तिन्ही... माह्यापायी गेले?"

बाई एरवी कोणाला सोडायच्या नाहीत.  पण त्या म्हणाल्या, "आता पुढचं पाहू, भाऊ."

तेव्हा पदराआडून सुभद्रा पहिल्यांदा बोलली. "बाई, सुया आमाले एकाच दिवशी देत जा. संगंच येऊ आमी."

साखरखेर्ड्याच्या पोरीकडे नकार गेला. सासूने म्हणे महिनाभर बाईंना शिव्या घातल्या. ही दोघं मात्र दर आठवड्याला घाट चढून यायची, सुया घ्यायची, लंगडत परत जायची. दोघांचं रक्त पुन्हा नागपूरला गेलं, आणि उत्तर चांगलं आलं त्या दिवशी बाईंनी रहीमभाईंना पेढा दिला. त्यांनी कशाचा म्हणून विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सुभद्रेला मुलगी झाली. अंगाने भरलेली, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. मुलगी झाली म्हणून सासूने नाक मुरडलं, आणि तो माणूस सगळ्यांना साखर वाटत फिरला.

मी एकदा बाईंना विचारलं होतं. त्या एकट्याच राहायच्या, म्हणून विचारलं, तुमचे मालक कुठे असतात? बाई हातातली काचेची नळी पुसत होत्या. "माह्या संगं कोनी बसलं नाही वं," त्या म्हणाल्या. "म्हनून तं हे स्टूल ठेवलं मी." आणि नळी पुन्हा पुसायला लागल्या. मी पुढे विचारलं नाही. अजून वाटतं, विचारायला हवं होतं.

बाई निवृत्त होऊन लोणारला गेल्या. नव्या डॉक्टरीणबाईंनी टेबल सरकवलं, पडदा लावला. दुसऱ्या स्टुलाचं कोणाला काम उरलं नाही. ते व्हरांड्यात गेलं आणि त्यावर पाण्याचा माठ आला.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी रोहिणखेडवाले दारात उभे. मिशा पांढऱ्या झालेल्या. सोबत एक जवान पोरगा, टोपी हातात घेऊन कुरकुरणारा.

"पोरीचं जमवलं," ते म्हणाले. "हे जावई. याचं रक्त पाहा. पोरीले उद्या आनतो, तिचंबी पाहा."

मुलीच्या बापाने वरपक्षापुढे मान वर करायची नसते, अशी आपल्याकडची रीत. आणि हे जावयाला दंडाला धरून आणत होते.

"मीच काऊन पन?" पोरगा म्हणाला. "मले काय झालं?"

म्हाताऱ्याने खोलीत इकडेतिकडे पाहिलं. "बाईचं ते स्टूल कुठं गेलं?"

मी व्हरांड्यात जाऊन माठ खाली उतरवला, स्टुलावरचं पाणी पदराने पुसलं आणि ते आणून टेबलासमोर ठेवलं. म्हाताऱ्याने त्यावर हाताने थाप मारली. अगदी बाईंसारखी.

"मी बसलो होतो याच्यावर," तो म्हणाला. "बस."

पोरगा बसला. मी बाही वर केली, दंड बांधला. रक्त निघेपर्यंत म्हातारा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. जाताना दारात वळून मला म्हणाला, "लोनारले गेल्या तं बाईले सांगा. म्हना, रोहिनखेडवाल्यानं दुसरा आनून बसवला."

बाई वारल्या त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मी म्हणाले, "हो. सांगते."