वजन माझं, प्रश्न नवऱ्याला

त्या दुकानदाराने पाऊण तासात एकच प्रश्न योग्य विचारला, आणि तोही माझ्या नवऱ्याला.

"वहिनींचं वजन किती असेल?"

मी तिथेच काउंटरला टेकून उभी होते. नवरा जरा गोंधळला आणि म्हणाला, "असेल पंचावन्न." पंचावन्न मी लग्नात होते. आता चौसष्ट आहे. ते मी सांगितलंही, पण तोवर दुकानदार आत माल काढायला वळलेला.

मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. दिवसभर हातात जाडी मोजायचा व्हर्नियर. रविवारी सकाळी सायकल घेऊन मोहन्याच्या पुढे जाते. तिथे नदीकडच्या मोकळ्या जागेत, जागेच्या मालकाला विचारून, आम्ही सात-आठ जणांनी मातीचे उंचवटे रचलेत. एकावरून उडायचं, मधला खड्डा हवेतूनच पार करायचा आणि पलीकडच्या उतारावर उतरायचं. याला डर्ट जंप म्हणतात. मला हे कळव्याच्या एका मैत्रिणीने शिकवलं. ती शाळेत पीटीची बाई आहे. शिकले तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, आता छत्तीस. लोकांना यातलं काय जास्त खटकतं, वय की बाई असणं, ते मला अजून कळलेलं नाही.

सायकलच्या ज्या पुढच्या चिमट्यात चाक बसतं, ज्याच्या दोन नळ्या दबून धक्का खातात, त्याला आम्ही फोर्क म्हणतो. माझा जुना फोर्क खिळखिळा झालेला. ब्रेक मारला की हँडल हातात थरथरायचं. नवा घ्यायचा ठरला तेव्हा मी महिनाभर वाचलं, मैत्रिणीला विचारलं आणि सगळं एका कागदावर लिहून काढलं. दबायला शंभर मिलिमीटर, त्याहून जास्त नको, कारण माझ्या सायकलची चौकट तेवढ्याच उंचीच्या फोर्कसाठी बनलेली आहे. आत स्प्रिंग नको, हवा हवी, म्हणजे पंपाने स्वतःच्या वजनाप्रमाणे कडक करता येतो. आणि नळ्या निदान बत्तीस मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे वाकणार नाहीत. कडक हवा याचं कारण साधं आहे. उंचवट्याच्या टोकावर आपण पायांनी सायकल रेटतो, तेव्हा फोर्क मऊ असेल तर सगळा जोर तोच खाऊन टाकतो आणि सायकल उचललीच जात नाही.

मैत्रीण एका लग्नाला गावी गेलेली. नवऱ्याला शनिवारची सुट्टी होती, म्हणून तो सोबत आला. त्याला सायकलमधलं काही कळत नाही आणि कळतं असं तो कधी दाखवतही नाही. ठाण्यात टेंभी नाक्याहून थोडं आत ते दुकान. मी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "उड्यांसाठी फोर्क हवाय, डर्ट जंपचा." दुकानदाराने माझं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला विचारलं, "सर, चालवणार कोण?"

"ही," नवरा म्हणाला.

"मग मऊ देतो. लेडीजना मऊच बरा. कंबर दुखायला नको."

मी कागद पुढे केला. त्याने तो वाचलासुद्धा, आणि मग एखाद्या लहान मुलीचं चित्र बघितल्यासारखा हसला. "मॅडम, हे सगळं नेटवर लिहिलेलं असतं. हवेचा फोर्क म्हणजे पंप घेऊन फिरायचं. सर, एकशेवीसचा घ्या, आराम मिळेल. नळ्या बत्तीसच्याच आहेत, हे बघा लेबल."

मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं. मागे आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, त्यातला एक घड्याळ बघत होता. नवरा हळूच म्हणाला, "ते रोज हेच विकतात, त्यांना कळत असेल ना." आणि मी गप्प बसून तोच फोर्क घेतला. कारखान्यात मी मॅनेजरच्या तोंडावर माल नाकारते, तीच मी तिथे गप्प बसले. याचा राग मला आजही दुकानदारापेक्षा जास्त येतो.

पुढच्याच रविवारी मी पडले. लहान उंचवट्यांवरच सायकल जड वाटत होती, पण म्हटलं, नवीन आहे, सवय होईल. मोठ्या उंचवट्याच्या टोकावर फोर्क खालपर्यंत दबला, पुढचं चाक वर यायच्याऐवजी खाली गेलं, आणि मी समोरच्या मातीच्या भिंतीवर आदळले. उजवं मनगट मोडलं. मैत्रीण आदल्या दिवशीच गावाहून परतलेली, तिनेच मला रिक्षात घालून कल्याणला नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्सरे दिव्यासमोर धरला आणि धावतपळत पोचलेल्या माझ्या नवऱ्याला विचारलं, "तुम्ही हिला हे असलं करूच कसं देता?"

माझी मैत्रीण म्हणाली, "डॉक्टर, हात तिचा मोडलाय. तिच्याशी बोला." डॉक्टरांनी प्लास्टर मात्र नीट घातलं.

घरी त्यावरून आमचं भांडण झालं. "तू मला दुकानात गप्प का केलंस?" मी विचारलं.

"मी एकच वाक्य बोललो. तू का गप्प झालीस?"

त्यावर मी दोन दिवस अबोला धरला. इमारतीतले लोक भेटायला यायचे आणि जाताना सायकल विकून टाकायचा सल्ला देऊन जायचे. फोर्क चुकीचा होता, हे मी प्रत्येकाला सांगायचे. ते मान हलवायचे आणि पुन्हा माझं वय काढायचे.

कामावर रुजू व्हायच्या आधी मी घरीच डाव्या हाताने फोर्कच्या नळ्यांना माझा स्वतःचा व्हर्नियर लावला. तीस. तीन जागी मोजलं, तीसच. आमच्या खात्यात दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर अख्खी बॅच परत जाते.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मी फोर्क आणि व्हर्नियर पिशवीत घालून एकटी ठाण्याला गेले. दुकानदाराने मला ओळखलं. "सर नाही आले?"

"फोर्क परत करायचाय," मी म्हटलं.

"मॅडम, रस्त्यावर चालवायचा माल तुम्ही उड्या मारायला वापरलात. मी सरांना सांगितलेलं, हा आरामाचा आहे."

"मी पहिल्याच वाक्यात उड्यांसाठी म्हणालेले."

त्याने बिलावरच्या नंबरवर माझ्यासमोर नवऱ्याला फोन लावला. "सर, वहिनी जरा गरम झाल्यात, तुम्ही समजवा."

पलीकडून नवरा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. दुकानदाराचा चेहरा तेवढा बदलला आणि फोन खाली आला. मग मी काचेच्या कपाटातला तसाच दुसरा फोर्क बाहेर काढायला लावला. त्यावरही बत्तीसचं लेबल होतं. मी व्हर्नियर लावला आणि आकडा त्याला नाही, शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दाखवला. तो वाकून म्हणाला, "हो, तीस आहे."

दुकानदाराने माल परत घेतला. सॉरी म्हणाला नाही. निघताना मी काउंटरवरचं पेन उचललं, कपाटातल्या फोर्कच्या लेबलवरचा बत्तीस खोडला आणि तीस लिहिलं. त्याने मला अडवलं नाही. ते लेबल त्याने नंतर बदललं असणारच.

हवा तसा फोर्क मैत्रिणीने आणि मी मागवला, आणि तिच्या कळव्याच्या गॅलरीत आम्हीच तो बसवला. हवा भरायच्या आधी मी वजनकाट्यावर उभी राहिले. त्रेसष्ट. पहिल्या रविवारी नव्या फोर्कवर लहान उंचवटे झकास पार झाले. पण मोठ्याच्या टोकाशी आले की माझा हात आपोआप ब्रेककडे जायचा. आधी मला असली भीती कधीच नव्हती. चार रविवार मी तिथून वळून परत आले आणि प्रत्येक वेळी त्या दुकानदाराला मनात शिव्या घातल्या.

पाचव्या रविवारी गेले पार. मैत्रीण तेव्हा पाठ करून डब्यातले पोहे खात होती. मी हाक मारली, तशी ती वळली.

"झालं? मी बघितलंच नाही," ती म्हणाली. "परत मार."

मनगट ठणकत होतं. मी सायकल ढकलत पुन्हा वर नेली.