अल वक्रातली कोरियन ओटी

मुख्य वास्तुरचनाकार नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट कतारमधल्या दोह्यातल्या वास्तुरचना कार्यालयात, माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी झाली. मी काढलेला बंगल्याचा नकाशा त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि चक्क मराठीत विचारले, "यात म्हातारं माणूस कुठे बसणार?"

त्या प्रश्नाचे मोल कळले ते श्री. चोई या कोरियन अभियंत्यांच्या घराच्या वेळी. वडील वारल्यावर त्यांनी आईला कोरियातल्या गावाहून दोह्याजवळच्या अल वक्रातल्या बंगल्यात आणले होते. आजी खोलीबाहेर येईनात, जेवणही सुटले. म्हणून चोईंनी घर मोठे करायला घेतले. ताईंचा आराखडा मंजूर झाला होता. तरीही त्या मला घेऊन आजींना भेटायला गेल्या.

आजींनी चहाचे पेले मांडून गावचे घर दाखवले. एका टोकाला स्वयंपाकघर, त्याच्या चुलीच्या धगीने जमीन तापणारी खोली, पलीकडे दुसरी खोली आणि दोहोंच्या मध्ये अंगणाकडे उघडी, उंच लाकडी ओटी. तिला त्या 'मारू' म्हणत. चोईंनी त्यांचे बोलणे आम्हाला सांगितले, "आमचं घर मधे मोकळं असतं. आलागेला दिसतो. इथे मला भिंत दिसते."

गाडीत बसताच ताई म्हणाल्या, "आपला आराखडा खलास. नवा काढू."

कंत्राटदाराने ऊन आणि धुळीची भीती घातली. ती खोटी नव्हती. पण ताईंनी भिंत काढून, वर छत बरेच पुढे काढून ओटी करवली. रत्नागिरीच्या सुतारांनी फळ्या खाचांत, खिळ्यांविना बसवल्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्या सुकून फटी पडल्या. ताई खजील झाल्या. आजींना मात्र नवल वाटले नाही. फळ्या सरकवायच्या आणि शेवटी एक नवी घालायची, गावीही तेच करत, असे त्यांनी सांगितले.

हिवाळ्यात आजी तिथे लसूण सोलत बसू लागल्या. ताई दर शुक्रवारी सोबतीला जात. भाषा दोघींपैकी एकीलाही दुसरीची येत नव्हती. आजी गेल्या तेव्हा चोई म्हणाले, "आई इथे पाहुणी म्हणून आली होती. गेली ती स्वतःच्या घरातून."

माझ्या आईच्या आजारपणात माझी सारी कामे स्वतःच्या टेबलावर ओढून घेऊन ताईंनीच मला गावी पाठवले होते.

आज पंचाहत्तरीतही त्या तरुणांचे नकाशे मागवून तपासतात. त्यांची नजर, गुडघे आणि जिभेची धार अशीच शाबूत राहो. शंभरी गाठेपर्यंत आमची कामे त्यांच्या हातून खोडली जावोत, एवढेच मागणे.