पाखडणारी बाई आणि तिचा राखणदार

"हात मागं, डोळं म्होरं." चिंचवडगावातल्या चित्रघरात कुणीही पाय ठेवला की तिथले राखणदार हे सांगायचे. स्वतःही तसेच, हात पाठीशी धरून उभे. एकदा चित्रघर चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष हार घेऊन आले, तर त्यांनाही तेच. साहेबांनी हार मागे धरला आणि दारातल्या शेळीनं तो निम्मा खाल्ला. आम्ही हसलो. राखणदार हसले नाहीत. "चित्राला न्हाई ना लागलं काई?" एवढंच.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, परक्याची वस्तू जिवापाड जपणारा. गावच्या एका चित्रकारानं जाताना आपलं घर आणि सगळी चित्रं गावाला दिली. मृत्युपत्रात लिहिलं होतं, एकही चित्र भिंतीवरून उतरवायचं नाही. आणि वीस वर्षं ज्यानं रंग घोटून दिले त्या माणसानं राखण करत मागच्या खोलीत राहावं.

मी सातवीत शाळा सोडलेला, दुष्काळात बीडकडून आलेला. रहाटणीत खोली, पिंपरीत कंपनी, तीही टेम्पररी. कधी ब्रेक देऊन घरी बसवतील या धास्तीनं जेवण गोड लागायचं नाही. गुरुवारी सुट्टी असायची आणि जायला ठिकाण नसायचं, म्हणून तिथं जायचो. एकदा तापानं फणफणलो तेव्हा त्यांनी मला आठ दिवस मागच्या खोलीत ठेवून घेतलं, दुधात भाकरी कुस्करून भरवली. माझ्या गावाकडंही कुणी एवढं केलं नसतं.

तिथं सुपानं धान्य पाखडणाऱ्या बाईचं एक चित्र होतं. मी त्याच्यासमोरच जास्त रेंगाळायचो.

"आईवानी दिसती का रं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांचं स्टूल त्या चित्रापुढं असायचं, माझ्यासाठी.

कारखान्यांची काजळी चित्रांवर बसायची. ते मोरपिसानं कोरडीच झटकायचे, तरी बाईचा चेहरा काळवंडत चालला होता. एका गुरुवारी ते लेकीकडं चिखलीला गेले, किल्ली माझ्याकडं देऊन. मला वाटलं, ते येईपर्यंत चेहरा लख्ख करून ठेवू. कंपनीत मशीन पुसतो तसं रॉकेल आणि कॉटन वेस्टचा, म्हणजे टाकाऊ सुताचा, बोळा घेतला. पदर पुसला, हिरवा रंग उजळला. मग चेहऱ्यावरून हात फिरवला. चेहरा बोळ्यावर आला.

ते परतले तेव्हा मी बोळा मुठीत धरून बसलो होतो. त्यांनी एकदा चित्राकडं पाहिलं. मग माझी मूठ उघडून बोळा काढून घेतला आणि मला घरी जायला सांगितलं.

अध्यक्ष आमच्याच कंपनीतले साहेब. त्यांच्यापुढं राखणदार म्हणाले, की म्हातारपणी आपला हात चुकला. साहेबांनी राखण काढून घेतली आणि मागची खोली रिकामी करायला सांगितली. मी खरं सांगायला पुढं झालो तर त्यांनी मला दाराबाहेर नेलं.

"माझी खोली ग्येली ती ग्येली. तुझी कंपनी ग्येली तर दोगंबी ग्येलो. गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. पुढच्या महिन्यात पर्मनंट झालो.

ते चिखलीला लेकीच्या पत्र्याच्या खोलीत राहू लागले. मी जायचो. ते एकेका चित्राची विचारपूस करायचे, कुठल्या खिडकीतून ऊन येतं, कुणी पडदा ओढतं का. त्या एका चित्राचं नाव कधी काढलं नाही. दोन वर्षांत गेले.

मृत्युपत्रामुळं चित्र तिथंच आहे. खाली समितीनं पाटी लावली आहे: 'राखणदाराच्या हलगर्जीपणामुळे खराब झालेले चित्र.'

मागच्या गुरुवारी एका बाईनं ती पाटी आपल्या पोराला मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाली, "कसली माणसं ठेवतात बघ."

"बाई, ते मी केलंय," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

तिनं माझ्याकडं पाहिलं, पोराला जवळ ओढलं आणि पुढच्या चित्राकडं निघून गेली.