पाव किलो

ईश्वर मोहाडीच्या एका राईस मिलमध्ये हमाल होता. दिवसभर लोक त्याला "ए हमाल" म्हणून हाक मारत. कबड्डीच्या मैदानात उतरला की तोच "ईश्वरभाऊ" व्हायचा. त्याने एकदा घोटा धरला की सुटलेला गडी मी पाहिला नाही.

माझे यजमान केशवराव शाळेत शिक्षक आणि कबड्डी मंडळाचे सचिव. धान निघाल्यावर, जानेवारीत सामने होत. दरवर्षी हमालच जिंकतात, बारीक अंगाची पोरं नुसती बघत बसतात, म्हणून १९७७ साली त्यांनी नियम केला : पंचावन्न किलोच्या वर कुणी खेळायचं नाही. मलाही तो योग्य वाटला. वजनाची वही माझ्याकडे आली. पहिल्याच पानावर मी लिहिलं : ईश्वर, साठ किलो.

त्या वर्षी तो बाहेर बसला. पुढच्या वर्षी खेळला. वजन सकाळी व्हायचं, सामना दुपारी. आठवडाभर उपाशी राहून तो काट्यावर चढे. उतरला की त्याची बायको पंचफुला भाताने भरलेला गंज, म्हणजे पातेलं, घेऊन उभीच असे. ते बघून सगळेच संघ तसं करू लागले.

केशवरावांना ती लबाडी वाटली. १९७९ ला त्यांनी वजन मैदानातच, सामन्याच्या तोंडावर ठेवलं. आता कुणी उपाशी राहणार नाही, असं ते म्हणाले. झालं उलटं. गडी रिकाम्या पोटीच खेळू लागले.

एकवीस जानेवारी, रविवार, अंतिम सामना. ईश्वर काट्यावर चढला. पंचावन्न किलो आणि वर पाव.

"काय रे ईश्वऱ्या, सासऱ्याकडून जेवून आला काय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

ईश्वरचे ओठ फुटले होते. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बाई, दोन दिवस झाले, पानी बी नाही घेतलो. पाव किलोच तं आहे. पंचावन लिहून टाका न."

"काट्यावर आहे तेच लिहीन, ईश्वर."

"काहून जी? तुमची वही कोन पाहते?"

केशवराव दुसरीकडे बघत होते. मी लिहिलं असतं तर ते काही बोलले नसते. पण शाईने खोटं लिहायचं नाही, हे नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी माझ्या अंगात मुरवलं होतं. मी म्हटलं, "अर्धा तास आहे अजून."

तो मिलकडे धावला. तिथे उकड्या तांदळासाठी धान वाफवत. त्या वाफेशेजारी तो घोंगडी पांघरून बसला. परत आला तेव्हा काटा बरोबर पंचावन्नवर थांबला.

"आता झालं न, बाई?" तो हसला. मी लिहिलं.

तिसऱ्या चढाईला त्याने घोटा धरला. गडी सुटला नाही. शिट्टी झाली, सगळे उठले, ईश्वर उठला नाही. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पंचफुला कडेला झाकलेला गंज घेऊन उभी होती. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेताना तो वाटेतच गेला.

पुढच्या वर्षी वजनाचा नियम मंडळाने काढून टाकला. वही माझ्याकडेच राहिली.

वर्षश्राद्धानंतर पंचफुला घरी आली. "बाई, तुमच्या वहीत त्यायचं नाव आहे म्हनते."

मी शेवटची ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हतं.

"किती लिवलं जी?"

"पंचावन्न."

"साठाचे होते ते," ती म्हणाली. "साठ कोठी लिवलं आहे?"

मी पहिलं पान काढलं आणि तिचं बोट त्या ओळीवर ठेवलं. तिने ते बराच वेळ उचललं नाही.