इंदोऱ्याच्या प्रेमिलाताईचा अडेल बोल्ट

प्रेमिलाताई गाडीखाली उताणी पडून पान्याले लाथा मारत होती. हातानं नाई, लाथेनं. चोवीस नंबरचा रिंग पाना, त्याच्या शेपटीत घुसवलेला दोन हात लांब पाईप, अन् त्या पाईपावर तिची उजवी टाच.

"निंघ! निंघ मेल्या! निंघ!"

दर 'निंघ'ले एक लाथ. एकेकाळी चढाईत याच टाचेनं तिनं भल्या भल्या पोट्ट्या बाद केल्या होत्या. पण बोल्ट काई कबड्डी खेळत नव्हता. तो होता तिथंच होता.

पावणेबारा वाजले होते. इंदोऱ्यातल्या तिच्या घरासमोर गाडी लाकडाच्या ठोकळ्यायवर चढवून ठेवली होती. जुनी बारा सीटर, हप्ताभर शाळेचे लेकरं नेते अन् रविवारी कबड्डीच्या पोरी. त्या पोरी बॅगा मांडीवर घेऊन ओट्यावर रांगेनं बसल्या होत्या. दहा जणी. दुपारी तीन वाजता भिवापूरले फायनल होती. सहा वर्सात पहिली. तीनच्या आत मैदानावर हजेरी नाई लागली, तर वॉकओव्हर. म्हणजे न खेळता कप भिवापूरवाल्यायचा. एकच्या आत निंघाले तरच पोचत होते.

अन् गाडीचा गिअरबॉक्स कोरडा ठाक पडला होता.

झालं असं का शनिवारी प्रॅक्टिसवरून येताना तिसरा गिअर टाकला का कर्रर्र कराले लागला. ताईनं डोकं लावलं, गिअर ऑईल जुनं झालं असन, सकाळी बदलवून टाकू. गॅरेजले ती जातच नाई. बाई दिसली का गॅरेजवाला चांगल्या गाडीतही रोग काढते, असं तिचं म्हणणं, अन् ते खोटंही नाई. इंजिनचं ऑईल तर ती दोन वर्सापासून स्वतःच बदलवून राहिली. खालचा बोल्ट उघडाचा, जुनं सोडाचं, वरचं झाकण हातानं फिरवाचं, नवं ओताचं. हे काय येगळं?

येगळं होतं. खालचा बोल्ट दोन हिसक्यात निंघाला. जुनं ऑईल घमेल्यात पडलं, काळं, काकवीसारखं घट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचं. मंग ताईनं नवं ऑईल टाकाले बाजूच्या वरच्या बोल्टाले पाना लावला, तर तो हालेच ना. गिअरबॉक्सले हाताचं झाकण नसते, तिथंही बोल्टच असते, हे तिच्या ध्यानातच आलं नाई. आता खालून सारं सांडून बसलं, अन् भराचं तोंड बंद.

"आधी वरचा बोल्ट उघडून पाहाचा, मंग खालच्याले हात लावाचा," रुपरावजी बोलले. हे बाजूच्या घरचे, बुटीबोरीच्या एका कंपनीत तीस वर्स फिटर होते, आता रिटायर. खुर्ची टाकून बसले होते. "पंगत बसवाच्या आधी चूल पेटली का नाई ते पाहा लागते ना वं!"

"हे मले खालचा उघडाच्या आधी सांगाचं होतं जी काकाजी!"

"तवा मी तर्री-पोहे खाऊन राहिलो होतो."

पोरी फिसकन हसल्या. ताईनं गाडीखालून डोकं काढलं. गालावर काळा पट्टा, केसात माती. "दात काढू नका वं! हातपाय मोकळे करत राहा. तिथं गेल्यावर पाय आखडला म्हणान तर बुकलून काढीन!"

दुसरी गाडी करता आली नसती का? लग्नाचा रविवार होता, साऱ्या गाड्या वरातीले गेल्या होत्या. एसटीनं गेलं तर साडेतीन. अन् दुसरी गोष्ट अशी का या दहाच्या दहा पोरी ताईच्या शब्दावर घराबाहेर पडत होत्या. सहा वर्साआधी ती एकेकीच्या दारात गेली होती. कोणाचा बाप म्हणे, पोरगी चड्डी घालून खेळन काय? कोणाची आजी म्हणे, हातपाय मोडले तर कोण करन? ताई दारातून हालली नाई. "तुमची पोरगी माह्या गाडीत बसन, अन् माह्याच गाडीतून तुमच्या दारात उतरन. मंधात काई झालं तर मले विचारजा." बस. एवढ्यावर टीम उभी राह्यली. स्वतःचा खेळ तर गुडघ्यानं बाविसाव्या वर्सीच खाल्ला. चौतिसाव्या वर्सी गाडी शिकली, तवा गल्लीतल्या बाया पदर तोंडाले लावून हसत होत्या. आज त्यायचेच नातवं तिच्या गाडीत शाळेत जातात.

तर त्या दिवशी तिचा शब्द त्या एका बोल्टावर लटकला होता.

तिनं पुन्हा पाना लावला, दात खाल्ले, जोर मारला. पाना सट्कन घसरला, तिचे बोटं लोखंडावर आपटले. तिनं मोबाईलचा उजेड पाडून पाह्यलं. बोल्टाचे कोन घासले होते. असं आणखी दोन-चारदा झालं असतं, तर बोल्ट गोल. मंग कोणताच पाना पकडन नाई.

"ताई, त्याले कबड्डी-कबड्डी म्हणून पाहा," पायल बोलली. ती कप्तान, तोंडाची फाटकी. "दम सुटला का ढिला होईन."

"तुहा दम आधी मीच सोडवतो, थांब!"

टीममधल्या मेघानं ओळखीच्या मिस्त्रीले फोन लावला. तो नरखेडले साळ्याच्या लग्नात होता. मागं बँड वाजून राहिला होता, तो ओरडून बोलला, "संध्याकाळी येतो!" तिनं फोन कापला.

"छिन्नी मार," रुपरावजी म्हणे.

"अन् फुटला तर?"

"तर गिअरचा दांडा काढून तिथून ऑईल ओताचं. दोन घंटे लागन."

"दोन घंटे कुठून आणू जी? तुमच्या खिशात हाय का?"

रुपरावजीनं डोकं खाजवलं, उठले, घरात गेले अन् पितळेचा ब्लो लॅम्प घेऊन आले. म्हाताऱ्याले बोलाले लय लागते, पण कामाले माणूस पक्का. "सरक. बोल्टाले नाई तापवाचं, त्याच्या भवतालच्या कवचाले तापवाचं. कवच फुगलं का बोल्ट सैल. डिझेलची टाकी मागं हाय ना?"

"मागं हाय."

"ऑईलचं घमेलं दूर कर."

निळा जाळ भुस्स करत लोखंडावर लागला. पोरी ओट्यावरून उठून गाडीभवती वाकल्या. पाच मिनिटं तापवलं. ताईनं पाना लावला, पायलनंही पाईप धरला. एक, दोन, तीन! काईच नाई. थंड होऊ देलं, पुन्हा तापवलं, पुन्हा जोर मारला. काईच नाई. बारा पस्तीस.

आता कोणी हसत नव्हतं. ताई गाडीखाली पडून होती. वरून तिच्या चपला दिसत होत्या फक्त, त्याही हालत नव्हत्या.

मंग एकदम खालून बोंब आली.

"मेघे! घरात जाय! पलंगाखालच्या खोक्यातल्या मेणबत्त्या आण! धावत!"

मेघा धावत गेली, दोन पाकिटं घेऊन आली, अन् गाडीजवळ येऊन बिचारीनं हळूच विचारलं, "ताई, बुद्धवंदना घ्याची का?"

"आता तेवढंच बाकी राह्यलं," रुपरावजी बोलले.

"वंदना कपानंतर घेऊ वं! दे इकडे!"

गोष्ट अशी होती का दरवर्सी धम्मचक्र दिनाच्या आधी ताई अन् तिच्या बचत गटाच्या बाया मेणबत्त्या करतात. ॲल्युमिनिअमचे साचे हायेत, त्याले दोन्ही बाजूनं बोल्ट. ते बोल्ट दरसाल जाम होतात. मंग बाया साचा स्टोव्हवर धरतात, तापला का बोल्टाच्या बुडाले मेणबत्ती टेकवतात. मेण पाण्यावानी पातळ होऊन आट्यायत शिरते अन् बोल्ट निंघते. अकरा वर्स ताई हे करून राहिली होती. पण साच्याचा बोल्ट अन् गाडीचा बोल्ट दोन्ही बोल्टच, हे डोक्यात याले बारा पस्तीस वाजले.

"तापलेलं लोखंड मेण पेते, काकाजी!"

"तीस वर्स फिटर होतो मी. मले कोणी सांगतलं नाई असं."

"तुमी कधी मेणबत्त्या केल्या का जी? मंग कोण सांगन?"

पुन्हा जाळ. या खेपेले जास्त. मंग लॅम्प बाजूले, अन् ताईनं पांढरी मेणबत्ती बोल्टाच्या बुडाले टेकवली. चर्रर्र झालं, धूर निंघाला, मेण गळालं अन् गळता गळताच कुठीतरी गायब झालं. "पेऊन राहिला! पेऊन राहिला वं!" दुसरी मेणबत्ती. तिसरी. रुपरावजी खाली वाकून ओरडले, "आता बोल्टाच्या टोपणावर दोन हातोडे दे! हां! अन् एकदम उलटा फिरवू नको. आधी केसभर कस, मंग सोड!"

तिनं केसभर कसला. मंग पाना उलटा लावला. पण खाली झोपून जोर येईना. तिनं गाडी ओढाचा दोर पाईपाच्या टोकाले बांधला अन् बाहेर फेकला.

"पायल, धर! बाकीच्या साखळी करा! मी पाना दाबून धरतो. झटका देऊ नका, ओढत राहा. ओढत राहा!"

दहा पोरी, एकामागं एक, कमरेले धरून. रस्त्यावरचे लोक थांबले. समोरच्या गॅलरीतून कोणी मोबाईल काढला. पायलच्या टाचा मातीत रुतल्या.

कट्ट!

दहाच्या दहा पोरी बुडावर आपटल्या. दोर मोकळा झाला.

"तुटला का?" पायलनं विचारलं. रुपरावजीनं डोळे मिटून घेतले.

मंग खालून ताईचा आवाज आला, पयले बारीक, मंग मोठा. "फिरते... फिरते वं! हातानं फिरते!"

त्या गल्लीत तसा आरडाओरडा लग्नातही झाला नसन. रुपरावजी ब्लो लॅम्प डोक्यावर धरून दोन पावलं नाचले, त्यायच्या बायकोनं दारातून सारं पाह्यलं.

पुढचं काम पटापट. खालच्या बोल्टाच्या चुंबकावर काळा गाळ होता, तो पुसला, तांब्याचं वायसर बदललं, बोल्ट कसला. वरच्या तोंडातून नवं ऑईल टाकाले मागच्या होळीची पिचकारी कामी आली. मेघा भरून देते, ताई आत सोडते. तोंडातून ऑईलची धार वापस बाहेर आली, म्हणजे भरलं. वरचा बोल्ट नव्या वायसरनं बसवला. एक वाजून बारा मिनिटं. ताईनं हातही धुतले नाई.

उमरेड रोडले लागल्यावर तिनं तिसरा गिअर टाकला. गिअर असा बसला जसा पाटावर पाव्हणा. मंग पोरीयनं गाणे म्हणाले सुरुवात केली, त्या भिवापूरपर्यंत थांबल्या नाई. पण उमरेडच्या बाजारात बैलबंडी आडवी आली, तिथं दहा मिनिटं गेले, अन् ताईचे काळे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले.

मैदानावर पोचले तवा तीन वाजून आठ मिनिटं झाले होते.

ती गाडी उभी करून धावतच गेली, दुखऱ्या गुडघ्यानं. पंच मैदानावर वाकून चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून राहिला होता. तिनं हात जोडले, काळेशार. "आठ मिनिटं झाले जी. पोरी तयार हायेत."

पंचानं वर पाह्यलं, घाम पुसला. "आमचंच मैदान अजून व्हाचं हाय. उतरवा पोरी."

सामना कसा झाला ते काय सांगाचं! भिवापूरची कप्तान सोनिका म्हणजे वाघीण. पहिल्या डावात तिनं एकटीनं नऊ गुण नेले. ताई रेघेबाहेर ओरडून ओरडून घसा बसवून बसली, "पाय पाह्य वं! तिचा पाय पाह्य!" शेवटच्या मिनिटाले एकतीस-एकतीस. पायल चढाईले गेली, कोपऱ्यातलीले टाच मारली अन् सोनिकाच्या हातातून निसटून आली. बत्तीस-एकतीस. ताईनं पायलले असं मिठीत घेतलं का पायलची पांढरी जर्सी पाठीवर दहा बोटायनं काळी झाली. ती जर्सी पायलनं अजून धुतली नाई.

संध्याकाळी दहा पोरी दहा दारात उतरल्या.

बाकीचं समजलं ते दीड महिन्यानं. उमरेडच्या एका स्पर्धेत भिवापूरची एक पोट्टी मेघाच्या बाजूले जेवाले बसली होती, तिच्या तोंडून निंघालं. त्या दिवशी मैदानाची फक्की तीनदा मारा लागली होती. पावणेतीनपासून सोनिका सरावाच्या नावानं मधल्या रेघेवरून पाय घासत, रेघ पुसत धावत होती. पंच चिडला. त्यायचा कोचही तिच्यावर ओरडला, कप न खेळता भेटून राहिला अन् तू काय करून राहिली? सोनिकानं सांगतलं, इंदोऱ्यावाल्या पोचून राहिल्या, आत्ताच त्यायचा फोन आला होता मले.

इंदोऱ्याच्या एकीजवळही सोनिकाचा नंबर नव्हता.