जिराफांचा कळप आणि दुपारची बॅच

आमच्या घरात कुणी एखाद्या कामाला बिचकलं की माझा दाखला निघतो. "आईनं जिराफ सांभाळले, आणि तुला एवढं जमंना?" असं माझी मुलं एकमेकांना ऐकवतात. जिराफ मी खरंच सांभाळले. बारामतीत, घराच्या पुढच्या खोलीत, पंख्याखाली बसून. ते कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे होते, हा तपशील मी पाहुण्यांना जरा उशिरानं सांगते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. लग्न होऊन मी इंदापूरकडून बारामतीला आले, तेव्हा ह्यांनी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढलेला होता. तीन कॉम्प्युटर, त्यांना आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जुन्या लुगड्याचे शिवलेले झगे, आणि 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. सकाळ-संध्याकाळ कॉलेजची पोरं यायची. दुपारी मात्र खोली रिकामी. ते रिकामपण मला बघवेना. टायपिंग, पत्र, तक्ते, सगळं मी ह्यांच्या मागं उभी राहून शिकले होते. एक दिवस जेवताना मी म्हणाले, "दुपारी बायकांची बॅच काढू. मी शिकवते."

ह्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "तू? अगं, कोंबडं निसटंल अशी तू माऊस धरतेस."

"आन ती दोन हजार साल आलं की समदी कॉम्पुटरं बंद पडणार म्हणत्यात," आत्याबाई म्हणाल्या. "मग बायकांनी शिकून काय करायचं?"

"बंद पडली तर चालू करायला कुणी शिकलेलं नको का?" मी म्हणाले. आत्याबाईंना हे पटलं असावं, कारण त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

खरी अडचण वेगळीच होती. विचारण्याच्या आधीच मी शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या भाभींना सांगून बसले होते, की सोमवारपासून बायकांची बॅच सुरू. भाभी दिवसभर गल्ल्यावर बसायच्या, पेठेतली निम्मी मनगटं त्यांच्या ओळखीची. संध्याकाळपर्यंत त्यांनी बांगड्या चढवता चढवता बायका गोळासुद्धा केल्या. "वहिनी, माळेगावची एक यायची म्हणतीय, एसटीनं. आता नाही म्हणायचं नाही हां. मी जबान दिलीय." आता बॅच निघाली नाही तर भाभींची जबान जाणार आणि त्या पेठेतून मान खाली घालून मला भाजी आणावी लागणार.

हे काही सरळ नाही म्हणणारे नव्हते. त्यांनी अट घातली. पुण्याच्या मित्रानं त्यांना एक सीडी दिली होती, प्राणिसंग्रहालय चालवण्याच्या गेमची. क्लास सुटला की हे ती खेळत आणि दर वेळी त्यांचं प्राणिसंग्रहालय बुडे. "हे रविवारपर्यंत चालवून दाखव," ते म्हणाले. "प्राण्यांच्या डोक्यावर हसरे चेहरे दिसले, तर दुपारची बॅच तुझी."

मला हसूच आलं. माझ्या माहेरी मेंढरं. दिवाळी झाली की आमचा कळप कोकणाकडं निघायचा. शाळेच्या सुट्टीत मीही त्याच्या मागं असायचे, काखेत कोकरू घेऊन. आणि हा माणूस माझी जनावरं सांभाळायची परीक्षा घेत होता! मी पदर खोचला आणि खुर्चीवर बसले.

पहिल्यांदा ह्यांनी बांधलेले सगळे छोटे पिंजरे पाडले. एकेका खोलीएवढ्या जागेत झेब्रा कोंडलेला! मी सगळीकडची कुंपणं काढून एकच माळ केला, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात झेब्रे, जिराफ, हरणं आणि दोन शहामृगं सोडली. सिंह होता, त्याला मात्र उचलून अगदी लांब, नकाशाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. कळपाशेजारी असलं जनावर बांधायला मी काय खुळी होते?

ह्यांनी मागून डोकावून बघितलं. "सिंह बघायला निघालेली माणसं वाटंतच म्हातारी होतील."

"होऊ देत. हरणं जगतील."

दोन दिवस कळप आनंदात होता. प्राणी पळत होते, डोक्यावर हिरवे हसरे चेहरे फुलत होते. मी एका हातानं भाजी निवडत होते आणि दुसऱ्या हातानं जिराफांना चारा टाकत होते, इतकी मी तयार झाले होते. एकदा लाईट गेली आणि सगळा कळप गडप झाला, पण तो मी आधीच सेव्ह करून ठेवला होता. भाभी दुकान सोडून बघायला आल्या आणि शहामृग बघून म्हणाल्या, "एवढी मोठी कोंबडी! अंडं केवढ्याला जात असेल हो?"

मग चेहरे उतरायला लागले. आधी हरणांचे, मग झेब्र्यांचे. माळ एवढा मोठा, की मी नेमलेला कीपर चाऱ्याचं ओझं घेऊन एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाचे जिराफ उपाशी. तो बिचारा दिवसभर चालतच होता. त्याच्या जागी मी असते तर काम सोडून गेले असते. त्यात मी त्याला आणखी एक हुकूम सोडला होता. त्या गेममध्ये जनावरांचं शेण मातेरं कीपरनं उचलायचं असतं. मी त्याला ते उचलू देत नव्हते.

का म्हणून काय विचारता? आमच्याकडं लेंडी म्हणजे जमिनीचं खाणं. शेतकरी बोलावून नेतात, रात्रभर रानात मेंढरं बसवतात आणि त्याबद्दल धान्य देतात. भवानीनगरकडच्या उसाच्या रानात माझ्या वडिलांचा कळप बसला, की पुढच्या वर्षीचा ऊस बघून लोक त्यांना पुन्हा निरोप धाडायचे. एवढं खत मी कचऱ्यात टाकू? मी गवत उगवायची वाट बघत बसले. आत्याबाईही खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्यांच्या माहेरच्यांनीही एके काळी कळप राखलेला.

"काढू नगं. एक पाऊस पडू दे, मग बघ हिरवंगार," त्या म्हणाल्या.

पण त्या गेममध्ये पाऊसही येईना आणि गवतही वाढेना. माळ पिवळा पडला, त्यावर जागोजाग तपकिरी ढीग, आणि ढिगांच्या मधोमध जिराफ माना खाली घालून उभे. एकाच्या डोक्यावर लाल चेहरा आला, म्हणजे तो आजारी. प्रेक्षकही नाकं दाबून पळायला लागले. शनिवारी संध्याकाळी हे आले, पडद्याकडं बघितलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "राहू दे. भाभींना मी समजावतो."

हे मला फार लागलं. हरले असते तर एक वेळ चाललं असतं, पण माझ्या वतीनं ह्यांनी भाभींना समजवायचं?

रविवारी सकाळी मी खुर्चीवर बसले, आत्याबाई शेजारी.

"गवत का येईना?" मी म्हणाले. "एवढं खत पडलंय."

"खत पडलंय तितंच जनावर हुबं हाय की," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्याच खुराखाली गवत कसं यायचं?"

"आपल्याकडं येतं की."

"आपल्याकडं मेंढरं राहत्यात व्हय तितं? सकाळी उठून दुसऱ्याच्या रानात."

मी हातातला माऊस सोडून दिला. लहानपणापासून मी हेच बघत आले होते. संध्याकाळी वाघर लावायची, म्हणजे कळपाभोवती जाळीचं कुंपण ठोकायचं. सकाळी वाघर गुंडाळायची आणि पुढच्या रानात. लेंड्या मागं राहतात, कळप पुढं जातो. मी माळ केला, खत ठेवलं, आणि कळपाला मुक्काम हलवायचं तेवढं विसरले. खऱ्या मेंढरांना मी एका जागी एवढे दिवस बसवलं असतं तर वडिलांनी मला काठीनं फोडलं असतं.

मग मी माळ मोडला नाही. त्याचे मधे कुंपणं घालून तीन भाग केले आणि प्रत्येक कुंपणाला फाटक. पलीकडच्या भागात चारा आणि पाणी ठेवलं, फाटक उघडलं. आधी एक झेब्रा गेला, मग त्याच्या मागं सगळे. जिराफ शेवटी, मानांचा तोरा सांभाळत. आत्याबाईंनी तोंडानं "हुर्र, हुर्र" असा आवाज काढून त्यांना हाकललं. जिराफांना तो ऐकू गेला नसेल, पण ते आत गेले हे खरं. मी फाटक लावलं. रिकाम्या भागात कीपर पाठवला; खत मुरायला तिथं पाऊसच नव्हता, म्हणून आता त्याला ढीग उचलू दिले. आता कळप जवळच्या जवळ असल्यानं त्याचं चालणंही कमी झालं. तिसऱ्या भागाला मी विसावा दिला. थोड्या वेळानं तिथला पिवळा रंग हिरवा व्हायला लागला आणि आत्याबाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. त्यांच्याकडं कौतुकाची तीच रीत आहे.

दुपारपर्यंत कळप दोनदा हलला. आजारी जिराफाच्या डोक्यावरचा लाल चेहरा आधी पिवळा झाला आणि मग हसरा. ह्यांना आत बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्याच प्रत्येक प्राण्यावर माऊस नेऊन तपासलं, सावकारानं नाणं वाजवून बघावं तसं.

"सिंह अजून लांबच आहे," शेवटी एवढीच काय ती खोट काढता आली त्यांना.

"तो तिथंच राहील. आणि बॅच?"

"अगं, चपला बाहेर काढायला सांग म्हणजे झालं."

सोमवारी दुपारी बायका आल्या. भाभी सगळ्यांच्या पुढं, गल्ला नवऱ्यावर सोपवून. माळेगावची एसटी उशिरा पोचली, पण पोचली. कुणी माऊसला हात लावायला तयार नाही. एकीनं तर पदरानं धरला.

"वहिनी, पहिला धडा काय?" भाभींनी विचारलं.

शिकवायला काय काय घ्यायचं, याची मी मनात मोठी तयारी केली होती. ती सगळी बाजूला ठेवली आणि सीडी लावली.

"पहिला धडा फाटक उघडायचा," मी म्हणाले. "इथं दाबा, धरून ठेवा, ओढा. हळू हळू. तुमच्यामागं जिराफ येणार आहेत."

माळेगावच्या बाईंनी पहिल्याच झटक्यात कुंपण उखडून टाकलं आणि हरणं प्रेक्षकांत घुसली. खोलीत एकच हशा उसळला. तेवढ्यात हे दारात आले. त्यांना काही छापायचं होतं, एक कॉम्प्युटर रिकामा करून हवा होता. मी काही बोलायच्या आधी आत्याबाईच आतून म्हणाल्या, "हितं शाळा चाललीय. तू तवर जरा सिंव्ह बघून ये."